बाबा गोळी घेतली का तेच विसरतात

प्रश्न: बाबा 66 वर्षांचे, एचआयव्हीसाठी एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) बरीच वर्षं चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) एकदम दबलेला. पण हल्ली रात्रीची गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही, परवा सीवूड्सला एटीएमसमोर पिन आठवत उभेच राहिले. वयामुळे असेल का? घरात फक्त मलाच त्यांचा आजार माहीत आहे.
– एक मुलगी, नेरूळ

उत्तर: ताई, वय झालं म्हणून सोडून देऊ नका प्लीज. व्हायरल लोड दबलेला असला तरी एचआयव्हीमुळे मेंदूचा वेग आणि लक्ष मंदावू शकतं. एआरटी सेंटरवर स्वतःहून सांगा की विसरणं वाढलंय, स्क्रीनिंग करा. इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल म्हणून छोटी टेस्ट आहे, त्यात चार शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात, बोटं भराभर टॅप करायला लावतात, मग मूठ, तळवा, हाताची कड असं टेबलावर पटपट करायचं. 12 पैकी 10 किंवा कमी आले तर पुढची तपासणी लागते, पण तेवढ्यावरून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला असं अजिबात नाही. बी12, थायरॉइड, शुगर, बीपी बघून घ्या, झोप आणि मनाची उदासीही विचारा, कारण यातलं बरंच सुधारता येतं. एफाविरेंझ हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद मात्र करू नका. तोवर सात कप्प्यांचा पिलबॉक्स आणि मोबाइलवर अलार्म.

आणि घरच्यांचं म्हणाल तर, बाबांची संमती असल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही तो हक्क त्यांचाच आहे.