व्हिडिओ कळतो, मग गणित का सुटत नाही?

"मॅडम, हा कोर्स बंद केला तर पोरगा मागे पडेल का हो?"

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यावर आई थेट माझ्याकडे आली होती. सोबत आठवीतला मुलगा आणि त्याच्या मांडीवर ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने दिलेला टॅब. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न मला सिडकोतले पालकही विचारतात आणि गंगापूर रोडचेही.

घरी आलेल्या विक्रेत्याने मुलाची दहा मिनिटं चाचणी घेतली. "बेस कच्चा आहे, आत्ता लक्ष दिलं नाहीत तर दहावीला पस्तावाल," असं तो म्हणाला आणि त्याच रात्री सह्या झाल्या. आई जी फी समजत होती, ते फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं. खात्यातून परस्पर दुसरा हप्ता गेला तेव्हा ते कळलं. त्याच आठवड्यात घटक चाचणीचा पेपर हाती आला: गणितात वीसपैकी सहा.

"रोज दोन तास बघतो हो. लक्षच नसेल त्याचं."

मी मुलाला म्हटलं, "मलाही दाखव की." त्याने 'एका चलातील समीकरणे' लावलं. व्हिडिओ खरंच सुरेख होता. तराजूची दोन पारडी, एकातून काढलं की दुसऱ्यातूनही काढायचं. मुलगा मान डोलावत होता. "कळलं?" "हो." मग मी टॅब पालथा ठेवला आणि पाठकोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. एका संख्येच्या तिपटीतून ५ वजा केले तर १६ उरतात, ती संख्या कोणती? त्याने मांडणी बरोबर केली, पण ५ पलीकडे नेताना वजाच ठेवले. ११ आले. अकराला तीनने भाग जाईना, तसं त्याने खोडलं. पेन्सिल थांबली आणि डाव्या हाताचं बोट आपसूक टॅबच्या कडेशी गेलं, व्हिडिओ मागे घ्यायला.

लक्ष होतं त्याचं. आईला मी पहिल्यांदा हेच सांगितलं, कारण गेले दोन महिने तो घरात रोज 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खात होता. दुसऱ्याने सोडवलेलं गणित पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खोटंही नसतं. पण स्वतःला आठवून मांडता येणं ही वेगळी गोष्ट आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगातून दाखवलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे.

व्हिडिओंवर माझा राग नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बर्गमन आणि सॅम्स या दोन रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास आपले धडे चित्रित करून मुलांना घरी पाहायला दिले. हेतू हा, की वर्गातला वेळ मुलांच्या शेजारी बसून प्रश्न सोडवायला मोकळा व्हावा. आपल्याकडे विकलं जातं ते बहुतेकदा फक्त पहिलं अर्धं.

पुढच्या भेटीला वडील आले. ते पंचवटीत बाजार समितीतल्या एका गाळ्यावर हिशेब लिहितात. मी हे सांगत असताना ते मध्येच म्हणाले, "आमच्या मुक्त विद्यापीठाचं तसंच होतं. पुस्तकं घरी यायची, पण रविवारचं संपर्क सत्र चुकलं की सगळं अडायचं." मला आणखी पटवावं लागलं नाही.

पैशांचं मात्र घाईने करू नका, असं बजावलं. हप्ता नुसता बाउन्स केला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडतं. आधी कंपनीला आणि कर्ज देणाऱ्याला, दोघांनाही लेखी ईमेल करा, कोर्स रद्द करा म्हणा, उत्तरं जपून ठेवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अशा कोर्सना खात्यातून आपोआप पैसे वळते करायची परवानगी देऊ नका, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सांगितलं होतं. सह्या करताना या दोघांना ते सांगणारं कुणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांची तक्रार अजून मिटलेली नाही.

"पण घरी शिकवणार कोण? मला कुठे गणित येतंय?" आईची खरी भीती ही होती. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला यायला नकोच. त्याने तुम्हाला शिकवायचं, आणि तुम्ही फक्त 'असं का?' विचारायचं. व्हिडिओ हवाच असेल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या 'दीक्षा' ॲपवर फुकट चालतो. दहा मिनिटं बघू द्या, मग स्क्रीन बंद आणि वही उघडी."

दीड महिन्याने ती एकटीच आली. आदल्या रात्री मेथी निवडताना तिने विचारलं होतं, "पाच पलीकडे गेला की अधिक कसा काय होतो रे?" मुलगा अडला, "थांब गं" म्हणाला, आणि वर्तमानपत्रावरच्या मेथीच्या काड्या बाजूला सारून त्याने तिथे पेनाने तराजू काढला.