मामांच्या प्रिसिजन बेसची किंमत कशी काढायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मामा गेल्यावर त्यांचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, म्हणजे बेस गिटार, तुमच्याकडे आला. नेकप्लेटवर, म्हणजे नेक (गिटारची मान) बॉडीला जोडणाऱ्या मागच्या पत्र्यावर, मोठा ‘एफ’ आणि १ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर आहे, त्यावरून तुम्ही १९६६ साल काढलंत. बॉडी काळी, पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लॅस्टिकची पट्टी, पांढरं. उजवा हात टेकतो तिथे काळा रंग झिजलाय आणि खालून लालसर-पिवळं काहीतरी दिसतंय. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते. ओळखीच्या एका वादकाने एक रक्कम सांगितली आहे. ती रास्त आहे का, आणि विकण्याआधी पॉलिश, नवे पॉट (बटणांखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग), नव्या खुंट्या करून घ्याव्यात का, हे तुम्हाला हवं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान भरून येत नाही. काहीही करून घेऊ नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बस्स. खरखर म्हणजे बहुतेक वेळा पॉटच्या आत साचलेला मळ असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवलं की ती जाते. माझ्याकडचा पहिला जुना जॅझ बेस (फेंडरचंच दुसरं मॉडेल) असाच खरखरत होता. मी तो दुरुस्तीला दिला, कारागिराने चकचकीत नवे पॉट बसवले आणि जुने टाकून दिले. मीही विचारलं नाही. काही वर्षांनी घेणाऱ्याने कंट्रोल प्लेट उचलली, आतले नवे पॉट आणि ताजं चमकदार सोल्डर पाहिलं आणि तिथेच आकडा खाली आणला. त्याचं चुकलं नव्हतं. तेव्हापासून वाद्यातून निघालेला साधा स्क्रूसुद्धा मी पिशवीत घालून केसमध्येच ठेवतो.

आता किंमत. जुन्या बेसची किंमत सालावरून ठरते असं वाटतं, पण साल ही फक्त सुरुवात आहे. खरी किंमत ठरते ती कारखान्यातून निघाल्यावर त्यातलं किती जसंच्या तसं राहिलं यावर. त्यामुळे बेस उघडल्याशिवाय कुणीही सांगितलेली रक्कम अंदाजच असते, तुमच्या ओळखीच्या वादकाने सांगितलेलीसुद्धा.

नेकप्लेटवरचा नंबर तुम्हाला १९६५-६६ च्या आसपास आणून सोडतो, त्यापुढे नाही. त्या प्लेटा डब्यातून हाताला येतील तशा उचलून लावल्या जायच्या, त्यामुळे नंबर क्रमाने पडत नाहीत. शिवाय प्लेट चार स्क्रूंनी बसते. ती दुसऱ्या बेसवरून इथे यायला दोन मिनिटं पुरतात. खरी तारीख नेकच्या टाचेवर, म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर, असते. तारा पूर्ण सैल करा, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, चारही स्क्रू थोडे थोडे करून काढा आणि नेक सरळ वर उचला. खाचेत कागदाची किंवा पुठ्ठ्याची चिप निघाली तर ती जपून ठेवा, नेकचा कोन साधण्यासाठी कुणीतरी ती घातलेली असते. टाचेवर शिक्का दिसेल: आधी एक आकडा, मग महिन्याची तीन अक्षरं, मग सालाचे दोन आकडे आणि शेवटी एक अक्षर. पहिला आकडा ‘५’ असेल तर लोक हटकून ‘पाच तारीख’ वाचतात. ती तारीख नव्हे, तो मॉडेलचा संकेत आहे, आणि त्या काळच्या प्रिसिजनवर ५ असणंच बरोबर. शेवटचं अक्षर नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेक किती रुंद आहे ते सांगतं. पहिल्या आकड्याच्या जागी ‘७’ सापडला तर मात्र थांबा. ते जॅझ बेसचं नेक आहे आणि कुणीतरी ते नंतर बसवलंय.

शिक्का पुसट असेल तर घासू नका, बाजूने टॉर्च मारून फोटो काढा.

नेक हातात आहे तोवर नेकची खाच नीट बघा, कारण तुमच्या काळ्या रंगाचा निकाल तिथे लागणार आहे. रंग फवारताना बॉडी धरायला फेंडरमध्ये या खाचेत एक पट्टी स्क्रूने बसवायचे. पट्टीखालच्या लाकडाला रंग लागायचा नाही. साठच्या दशकाच्या मधल्या बॉडीत ही बिनरंगाची पट्टी स्पष्ट दिसते. तुमच्या बेसमध्ये ती कोरी असेल आणि काळा रंग तिच्या कडेला स्वच्छ रेषेत थांबत असेल तर ते चांगलं लक्षण. पूर्ण खाच काळी असेल तर रंग नंतर मारलाय असं जवळजवळ नक्की समजा.

खालून लाल-पिवळं दिसतंय एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका. ते सनबर्स्ट, म्हणजे मध्ये उजळ आणि कडेला गडद होत जाणारा रंग, आहे हे उघड आहे, पण कारखान्यातही कधी कधी आधी सनबर्स्ट केलेल्या बॉडीवर वेगळा रंग मारून ती बाहेर पाठवलेली आहे. फरक ओळखायचा तो असा. पिकगार्ड काढा आणि एखादी जुनी खोक शोधा, जिथे लाकूड दबलंय. काळा रंग त्या खोकेच्या आत उतरून तिच्या तळाशी चकाकत असेल, तर खोक आधीची आणि रंग नंतरचा. कारखान्याच्या रंगात खोक रंगाला फोडून गेलेली असते, कडेला कपचे उडालेले असतात. अतिनील दिवा मिळाला तर अंधारात तोही फिरवून बघा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळसर उजळतं, नंतर मारलेला रंग काळपट किंवा वेगळाच दिसतो. आणि एक गोष्ट तुमच्याच घरात असेल: मामांचे जुने फोटो. कृष्णधवल असला तरी चालेल. बॉडीचा मधला भाग उजळ आणि कडा गडद दिसल्या, तर तेव्हा हा बेस सनबर्स्ट होता, आणि काळा रंग कधी आला याची एक बाजू नक्की होईल. असा फोटो सापडला तर तो विकतानाही सोबत ठेवा.

एवढा वेळ रंगावर घालवतोय कारण सगळ्यात मोठी वजाबाकी इथेच आहे. मूळ रंग राहिलेल्या बेसच्या तुलनेत पुन्हा रंगवलेला बेस साधारण निम्म्या किमतीला जातो. उलट काळा रंग कारखान्याचाच निघाला तर गाडी दुसऱ्या दिशेला जाते. सनबर्स्ट हा नेहमीचा रंग होता. बाकीचे, म्हणजे लेक प्लॅसिड ब्लू, फिएस्टा रेड, कँडी ॲपल रेड, काळा वगैरे, ग्राहक पाच टक्के जास्त देऊन मागवायचे. तेव्हाचे ते पाच टक्के आज कितीतरी पटींनी परत येतात. म्हणूनच नंतर असे रंग मारून ‘मूळ’ म्हणून खपवण्याचा मोह लोकांना होतो. काळ्याच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा, कारण जुना खराब रंग झाकायला सगळ्यात सोपा तोच.

पिकगार्ड निघालेलंच आहे, तर पॉटच्या पाठी बघा. तिथे कोरलेला किंवा छापलेला आकडा असतो. ३०४ ने सुरू झाला तर पॉट स्टॅकपोल कंपनीचा, १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा. त्यापुढचे दोन आकडे साल, शेवटचे दोन आठवडा. ३०४६६२० म्हणजे १९६६ चा विसावा आठवडा. पॉट वाद्यापेक्षा जुना असू शकतो, नवा असू शकत नाही. नवा निघाला तर तो बदललेला आहे. आणि १९६६ च्या पॉटवर फार विसंबू नका. फेंडरने त्या वर्षी इतका मोठा साठा घेतला होता की नंतरच्या काही वर्षांच्या गिटारांतही तेच पॉट सापडतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत टाचेवरचा शिक्काच शेवटचा शब्द. सोल्डरकडेही बघा. जुनं सोल्डर राखाडी, मंद, त्यावर थोडी धूळ चिकटलेली. ताजं आरशासारखं. वायर कापडी आवरणाची हवी.

पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारं तारेचं वेटोळं, न उघडताही तपासता येतो. केबल लावा, दोन्ही बटणं पूर्ण उघडी ठेवा आणि मल्टिमीटरने केबलच्या दुसऱ्या टोकाशी रोध मोजा. या काळातला प्रिसिजन साधारण १० किलो-ओहमच्या आसपास दाखवतो, थोडं इकडेतिकडे. २५० किलो-ओहमच्या जवळ काही दिसलं तर समजा पिकअपची तार आत कुठेतरी तुटली आहे आणि मीटर फक्त पॉट मोजतोय. दोन्ही अर्धे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एक गेला की दोन्ही गप्प. अशा वेळी त्याची तार नव्याने गुंडाळून घ्यायची घाई करू नका. तो निर्णय बेस विकत घेणाऱ्यालाच घेऊ द्या, कारण मूळ गुंडाळणी हा त्याच्या दृष्टीने किमतीचा भाग असतो.

बाकी गोष्टी पटकन बघून होतात. हेडस्टॉकच्या मागे खुंट्यांभोवती बुजवलेली जुनी भोकं आहेत का? ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बदललाय का? बॉडीत जादा पिकअपसाठी खाच कोरली आहे का? सत्तरच्या दशकात हे फार झालं, आणि रंगाखालोखाल नुकसान याचंच. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बदललेले असणं मला दोष वाटत नाही, नीट काम असेल तर घेणारेही फारसे कुरकुरत नाहीत. नेक पिळवटलेलं असेल किंवा ट्रसरॉड (नेक सरळ ठेवणारा आतला लोखंडी गज) आता वळतच नसेल तर मात्र गंभीर आहे. पिकअप आणि ब्रिजवरची क्रोमची झाकणं बहुतेकांनी काढून फेकली. ती मामांच्या एखाद्या खोक्यात निघाली, आणि मूळ कडक केसही असली, तर किमतीत चांगली भर पडते.

आता गणित. त्याच सालचा, न छेडलेला सनबर्स्ट प्रिसिजन आज ज्या किमतीला खरोखर विकला जातोय, तो आकडा १०० धरा. ‘खरोखर’ या शब्दावर जोर आहे. कुणी काय मागतंय याला अर्थ नाही, मागण्या महिनोन्‌महिने लटकलेल्या असतात. विक्री पूर्ण झालेले किमान पाच-सहा व्यवहार काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. तुलना जॅझ बेसशी करू नका, त्याच सालचा जॅझ बेस बहुतेक वेळा महाग असतो. आणि १९६४ च्या प्रिसिजनशीही नको. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली आणि बाजाराने तिथे रेघ ओढली. १९६६ चा चांगला बेस वाजवायला १९६४ च्या तोडीचा असू शकतो, मी दोन्ही वाजवले आहेत, पण किंमत रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची वेगळीच राहते.

रंग पुन्हा मारलेला असेल तर १०० चे ५० झाले. इथून पुढच्या वजाबाक्या त्या ५० वरून करायच्या, आणि त्या हलक्या हाताने. न छेडलेल्या बेसला पडलेलं पहिलं भोक सगळ्यात महाग पडतं, कारण संग्राहक तिथेच पाठ फिरवतो. रंगवलेला बेस घेणारा मुळात वाजवणारा असतो. बदललेल्या खुंट्यांसाठी तो चार-पाच टक्के कापेल, पॉटसाठी त्याहून कमी. त्याला नेक सरळ हवं, पिकअप जिवंत हवा, वजन बेताचं हवं. चार किलोच्या खालचा बेस तो आनंदाने उचलतो, पाच किलोच्या बेसला खांदा नकार देतो. बेस तोलून घ्या आणि वजन आधीच सांगा.

यातून निघालेली रक्कम ही थेट वादकाला विकण्याची. दुकानदार त्याहून तिसरा हिस्सा तरी कमी देईल, कधी निम्मंच. त्यालाही भाडं, दुरुस्ती आणि न विकला जाण्याचा धोका आहे, त्यात फसवणूक नाही. विम्यासाठीचा आकडा उलट वर जातो, कारण तसाच बेस आज दुकानातून घ्यायला किती लागतील ते तिथे धरतात. कुणी ‘व्हॅल्युएशन’ लिहून दिलं तर ते यांपैकी कशासाठी आहे ते विचारा.

सुटे करून विकले तर जास्त मिळतील असंही कुणीतरी सांगेल. मूळ पिकअप, पॉट, खुंट्या, झाकणं वेगवेगळी विकली तर बेरीज कधी कधी खरंच जास्त भरते, विशेषतः बॉडी रंगवलेली असताना. तरी माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. ज्या नेकवर मामांचा अंगठा इतकी वर्षं फिरला ते नेक आणि तो पिकअप एकत्र राहिले तरच हा बेस राहतो. असे मोडलेले बेस पुन्हा जुळत नाहीत.

परदेशात विकायचा विचार असेल तर फिंगरबोर्डचं लाकूड ओळखणाऱ्याला आधी दाखवा. साठच्या दशकातल्या फेंडरवर ब्राझिलियन रोजवूड असू शकतं. ते १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून जुन्या वाद्यालाही सीमा ओलांडायला कागद लागतो. २०१९ मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती बाकीच्या रोजवूडना, याला नाही.

ज्यांनी रक्कम सांगितली त्यांना आत्ता एवढंच कळवा की बेस उघडून बघेपर्यंत तुम्ही हो किंवा नाही म्हणणार नाही. नेकची टाच, नेकची खाच, पॉटच्या पाठी आणि हेडस्टॉकची मागची बाजू, हे चार फोटो दिवसाच्या उजेडात काढून मला दाखवा. खाचेचा फोटो काढताना सावली पडू देऊ नका, त्या बिनरंगाच्या पट्टीची कडा मला नीट बघायची आहे.