एमएसडब्ल्यूमध्ये भेदभाव आणि सामाजिक न्याय हा विषय कसा अभ्यासावा?

तुम्ही विचारलंय, साताऱ्यात एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलाय, भेदभाव आणि सामाजिक न्यायाचा पेपर कायदे पाठ करून निघेल का?

पेपर निघेल. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यांच्या तरतुदी तोंडपाठ हव्यातच. पण क्षेत्रकार्यात, म्हणजे वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करताना, तेवढ्यावर अडाल.

मी या जिल्ह्यात भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करते. समाजकार्याची मुलं क्षेत्रकार्याला माझ्याकडे येतात. भेदभाव म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शिवीगाळ, मारहाण, वेगळा पाणवठा येतो. ते आजही आहेच. तरी मी त्यांना आधी जातीच्या दाखल्याच्या मागे लावते.

पालावरची मुलगी दहावी होते. पुढे सवलत हवी तर दाखला हवा, आणि दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा. (अनुसूचित जातींना ही तारीख १० ऑगस्ट १९५०, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७.) ज्याच्या आजोबांच्या नावे सातबारा आहे, शाळेच्या रजिस्टरात नोंद आहे, त्याचं काम होऊन जातं. जिचा आजा गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरला, ती १९६१ चा कागद कुठून आणणार? खिडकीतला कारकून तिला वाईट बोलत नाही. नियम सगळ्यांना सारखाच. तरीही अडते तीच.

हे अहवालात लिहायला शिका. कोणता कागद मागितला, तो का नाही, कुणाची मजुरी बुडाली, किती खेपा झाल्या. ‘लाभार्थी कागदपत्रांबाबत उदासीन’ असं वाक्य कुणी लिहून आणलं की मी ते खोडते. उदासीन माणूस पोराला काखेत घेऊन तिसऱ्यांदा तहसीलला येत नाही.

साताऱ्यात आहात तर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे काढलेल्या वसतिगृहाचा इतिहास नीट वाचा. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं १९३६ ला, त्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. शाळा सर्वांना खुली आहे एवढ्यावर भाऊरावअण्णा थांबले नाहीत. गरिबाचं पोर शाळेपर्यंत पोचायचं तर त्याला राहायला जागा आणि पोटाला भाकरी लागते, हे ओळखून त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका छताखाली ठेवली, एका पंगतीत जेवू घातली. माझ्या मते सामाजिक न्यायाचा याहून चांगला धडा अभ्यासक्रमात नाही.

गटचर्चेत कुणीतरी हमखास म्हणेल, ‘आता कुठे राहिलीय जात?’ चिडू नका. त्याच्या घरी दाखल्याला कोणते कागद लावले ते विचारा आणि तुमचा अहवाल त्याला वाचायला द्या.