कोल्हापुरातून २५ जणांची सायकल राइड न्यायची आहे, गोल रूट कसा आखावा आणि ॲप कुठलं वापरावं?

तुम्ही लिहिलंय की माणसं २५, त्यातली निम्मी नवखी, तारीख जुलैचा शेवटचा रविवार, अंतर ६० किलोमीटर, आणि गेल्या वाटेनं परत यायचं नाही. इथवर ठीक आहे. पण खाली एक वाक्य टाकलंय, 'मध्ये बंधाऱ्यावरून पलीकडं गेलं तर आठ-दहा किलोमीटर वाचतात, मॅपवर रस्ता दिसतोय.' बाकीचं उत्तर तुम्हाला कुणीही देईल. मी लिहायला बसलोय ते या वाक्यासाठी.

हेच वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून ऐकलंय. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर. किलोमीटर वाचवायची त्यांना भारी हौस. लग्नाला निघालो तरी गाडीत पुढं बसून ड्रायव्हरला 'इकडनं घे, दीड किलोमीटर कमी पडतंय' म्हणणारे. माझ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या पेठेतल्या आणि ओळखीतल्या २६ जणांची राइड निघाली आणि रूट दाजींनी काढला. रंकाळा टॉवर, फुलेवाडी, बालिंगा, कुडित्रे, कोगे, तिथून भोगावतीवरच्या बंधाऱ्यावरून पलीकडं बहिरेश्वर, मग कसबा बीड, हळदीला राधानगरी रोड धरायचा आणि परत रंकाळा. कागदावर बघितलं तर देखणा गोल. वळणं सगळी डाव्या हाताला, त्यामुळं २६ सायकलींना रहदारी आडवी कापायची वेळच कमी. बीडला वीरगळ बघायचे. पावसाळ्यात तिथं सोन्याचे बेडे, म्हणजे बारीक जुनी नाणी, सापडतात म्हणतात, त्यावर आमच्यातल्या दोघांचा डोळा होता ते वेगळंच.

शनिवारी संध्याकाळी मी दाजींच्या घरी म्हणालो, "एकदा बंधारा बघून येऊया का?" ते म्हणाले, "शुक्रवारी आमचा दूधवाला तिथनंच आलाय." मी गप्प बसलो. बहिणीच्या घरात, तिच्या हातचं खात असताना दाजींना खोटं पाडायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. समोर टीपॉयवर त्या दिवशीचा पेपर होता. जुलैत आपल्याकडं रोज यादी येते, जिल्ह्यातले इतके इतके बंधारे पाण्याखाली म्हणून. त्या यादीवर दाजींचा चहाचा कप होता. यादीत कोगे आहे का ते मी तेव्हा बघितलं नाही. रविवारी दुपारी बघितलं. होतं.

आता यात गंमत अशी की कोल्हापुरात त्या शनिवारी चक्क ऊन पडलेलं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. पण भोगावतीचं पाणी शहरातल्या पावसावर थोडंच चढतं? ते वर राधानगरी-दाजीपूरकडं काय ओततंय त्यावर चढतं, आणि खाली यायला वेळ लागतो. तिकडं तीन दिवस झड लागली होती. महाराष्ट्रभर ज्याला केटी वेअर, म्हणजे कोल्हापूर टाइप बंधारा म्हणतात, त्यातला 'के' आपल्या कोल्हापूरचा, आणि आपल्यालाच त्याची रीत कळू नये! पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, खांबांच्या मधून पाणी जातं, वरच्या स्लॅबवरून माणसं, जनावरं आणि मोटरसायकली ये-जा करतात. स्लॅब पुलासारखा उंच नसतो. नदी फुगली की पहिल्यांदा तोच बुडतो. मॅपवर मात्र तो बारा महिने रस्ताच.

आम्ही सव्वासातच्या सुमाराला पोचलो. पुढं आठ-नऊ जण, बाकीचे मागं विखुरलेले. पाणी गढूळ, चहासारखं, आणि आवाज जवळजवळ नाही. उजवीकडून येत होतं, स्लॅबवर पसरून गुळगुळीत होत होतं आणि डावीकडं खाली पडत होतं. पडण्याचा आवाज होता, पण तो लांबून कुठून तरी येतोय असं वाटायचं. कठडा नाही. कडा कुठं संपते ते दिसत नाही. एक बाभळीची फांदी येऊन मधेच अडकली होती, थरथरत होती, आणि माझ्यासमोर ती सुटून गेली. मी कडेला पुढचं चाक घालून बघितलं, हबपर्यंत बुडालं.

दाजी म्हणाले, "गुडघाभर पण नाही. सायकली खांद्यावर घ्या, एकेकानं चला."

दोन पोरं घुसली. विशीतली पोरं, त्यांना सांगायचाच अवकाश. दहा-बारा फूट गेली असतील, तेवढ्यात म्हसरं घेऊन आलेले एक म्हातारे बाबा मागून ओरडले, "आरं ए! सायकल खांद्यावर घिऊन कुठं निघालास मर्दा? ती नदी हाय, रंकाळा न्हवं! आमी म्हस घालत न्हाई त्यात आज!"

पुढचा पोरगा वळायला गेला. वळताना त्याच्या खांद्यावरच्या सायकलीचं मागचं चाक पाण्याला लागलं आणि प्रवाहानं ते असं ओढलं की पोरगा जागच्या जागी अर्धा फिरला. तो खाली बसला, अक्कल म्हणा की नशीब. मागच्यानं स्वतःची सायकल टाकून त्याचं दप्तर धरलं. दोघं बसल्या बसल्या सरकत आले. सायकली मिळाल्या. बाटली सुटली, ती पडली एवढंच दिसलं, जाताना दिसली नाही.

मी सगळ्यांना मागं फिरवलं. दाजी काही बोलले नाहीत. तेव्हा नाही. नंतर मात्र दर दिवाळीला, प्रत्येक बारशाला, पाहुण्यांच्या पंगतीत, "आमचे मेहुणे पाण्याला भितात, नाहीतर बीड झालं असतं." मी पंचगंगा घाटावर पोहायला शिकलेला माणूस आहे. घाटावर पोहलेल्या माणसाला विचारा की वाहत्या पाण्यात खांद्यावर सायकल घेऊन उभं राहता येतं का. दाजी पोहायला शिकलेले नाहीत, हे पंगतीत कुणी विचारत नाही.

राइड खरी मोडली ती बंधाऱ्यावर नाही, मागं. २६ जणांना अरुंद रस्त्यावर उलटं फिरवणं म्हणजे वरात उलटी फिरवण्यासारखं. शेवटचे सहा जण कुडित्र्याच्या आसपास कुणाचं तरी पंक्चर काढत थांबलेले. मधले दोघं भलत्याच फाट्याला आत गेलेले. सगळ्यांचे फोन पावसासाठी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले, वाजले तरी ऐकू कुणाला जाणार. सगळे एका जागी यायला तास-सव्वा तास गेला. शेवटच्या सहात माझी बायको होती. तिचं त्या दिवशीचं एकच वाक्य सांगतो, "तुम्ही पुढं बंधारा बघत बसलाय, आम्ही तिघी मागं मघापासून आडोसा शोधतोय." दाजींच्या अख्ख्या रूटवर बायकांना जायला एकही जागा ठरवलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. तेव्हापासून रूट आखताना मी आधी पेट्रोल पंप आणि ओळखीची घरं मांडतो, देवळं आणि धबधबे नंतर.

तर तुमचा रूट. नवखे असतील तर आणि जुलै असेल तर गोलाचा हट्ट सोडा. फुलेवाडीवरून गगनबावड्याचा रस्ता धरा, सरळ जा, सायकल कॉम्प्युटरवर ३० दिसले की जिथं असाल तिथून फिरा. झाले ६०. गेल्या वाटेनं परत येण्यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. परत येताना खड्डे पाठ असतात, चहाची टपरी पाठ असते, आणि मागं पडलेला माणूस समोरून भेटतो, हरवत नाही. शिवाय पावसाळ्यात वारं पश्चिमेचं. जाताना तोंडावर घ्यायचं, येताना पाठीवर. दमलेल्या माणसाला शेवटच्या १५ किलोमीटरला वाऱ्यानं ढकललेलं बरं वाटतं. पूर्वेला नरसोबाच्या वाडीकडं नेलंत तर नेमकं उलटं होतं. बासुंदी खाल्लेली माणसं आणि वारं तोंडावर. हिवाळ्यात खुशाल जा तिकडं, पण हायवे ओलांडायची जागा आधी चालत जाऊन बघा.

पन्हाळा म्हणणारे भेटतील. कोल्हापूर साधारण १,८०० फुटांवर, पन्हाळा ३,००० च्या वर, आणि बहुतेक चढ शेवटच्या टप्प्यात. नवखी माणसं वाघबिळाच्या वर सायकल ढकलत नेतात आणि उतरताना ब्रेक दाबून हात बधिर करून घेतात. त्यात रविवार म्हणजे जोतिबाचा वार, त्या रस्त्याला गाड्यांची रीघ. शनिवारी न्या, किंवा आठ जण न्या. २५ नाही.

दुसरं, आठ-नऊ जणांचे तीन गट करा आणि दहा-दहा मिनिटांनी सोडा. प्रत्येक गटात पुढं एक आणि शेवटी एक असा माणूस ठेवा ज्याला रस्ता मॅपशिवाय येतो. शेवटचा माणूस सगळ्यात तगडा हवा. आपल्याकडं तगडा असतो तो पुढं पळतो आणि गगनबावड्याला जाऊन फोटो टाकतो. त्याला मागं ठेवा, जमत नसेल तर नेऊ नका. मिसळ परतल्यावर. निघताना मिसळ खाऊन चढाला लागलेली माणसं मी बघितली आहेत, वर्णन करत नाही.

आदल्या दिवशी रूट बघायचा तो सायकलवरून, मोटरसायकलवरून नाही, आणि शक्यतो त्याच वेळेला. मोटरसायकलवाल्याला चढ दिसत नाही आणि कुत्री पण दिसत नाहीत. पावसाळ्यात पेपरातली बंधाऱ्यांची यादी आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण पंचगंगा ३९ च्या कितीतरी खाली असतानाच आडवाटेचे बंधारे बुडालेले असतात. पातळी कमी आहे म्हणून बंधारा मोकळा असेल असं धरून चालू नका. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा पूर बघितलेल्यांना जास्त सांगायला नको.

ॲपचं विचारलं होतं. कुठलंही घ्या. अंतर आणि चढ बघायला सगळी सारखीच. फक्त 'सगळ्यात जवळचा रस्ता' हे बटण दाबू नका आणि ज्यांना ते बटण आवडतं त्यांच्या हातात रूट देऊ नका.

एक गोष्ट राहिली, लिहू की नको असं झालं होतं. दाजींचा तो गोल रूट चांगला आहे. डिसेंबर-जानेवारीत मी तो स्वतः तीनदा केलाय, कोग्याच्या बंधाऱ्यावरूनच, खाली पाणी अडवलेलं, दोन्हीकडं हिरवा ऊस, एकदा तर गुऱ्हाळावर थांबून गरम काकवी खाल्ली. त्या दिवसांत कुडित्र्याच्या बाजूला कारखान्याच्या ट्रॉल्या सांभाळायच्या एवढंच. एका ट्रॅक्टरमागं दोन असतात, मागं दिवा नसतो आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की तुमची घंटी त्याच्या बापाला ऐकू जायची नाही. उजाडल्याशिवाय निघू नका. म्हणजे रूट चुकीचा नव्हता, महिना चुकीचा होता. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही.

या डिसेंबरात परत तोच गोल करायचा ठरलाय. आदल्या शनिवारी बंधारा बघायला मी आणि दाजी दोघंच जाणार आहोत. मी सातला निघू म्हणतोय, ते साडेसहावर अडून बसलेत.