‘फॅगट’ आणि जळणाची मोळी

अमेरिकी कादंबरीचं भाषांतर करताना ‘फॅगट’ ही समलिंगी पुरुषाला दिली जाणारी शिवी आली आणि तुम्ही विचारलंत : समलिंगी पुरुषांना ज्या लाकडांवर जाळत, त्यांच्या मोळीला फॅगट म्हणत, त्यावरून ही शिवी आली हे खरं का? तशी तळटीप द्यावी का?

कृपा करून देऊ नका. फॅगट म्हणजे जळणाची मोळी, इतकं खरं. इंग्लंडात पाखंडी ठरलेल्यांना अशा मोळ्या रचून जाळत. माफी मागून सुटलेल्यांना कपड्यांवर मोळीचं चित्र वागवायला लावत. पण पुरुषांमधल्या संबंधांना तिथल्या 1533च्या कायद्याने शिक्षा ठरवली ती फाशीची. अशी शेवटची फाशी लंडनमध्ये 1835 साली झाली. आणि ही शिवी या अर्थाने छापलेली सापडते ती 1914 साली, अमेरिकेत पोर्टलंडला निघालेल्या गुन्हेगारांच्या बोलीच्या कोशात. त्या आगीपासून या शिवीपर्यंत मधे कुठलाच दुवा नाही.

दुवा सापडतो तो बाईच्या वाटेवर. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून फॅगट ही बाईला द्यायची शिवी होती, त्यातही म्हाताऱ्या, कजाग बाईला. आपण नकोशा माणसाला ‘गळ्यातलं लोढणं’ म्हणतो, तशी ती ‘डोक्यावरची मोळी’ असावी. पुढे तीच शिवी पुरुषाला लागली. मला ही वाट पटते, कारण आपली भाषाही तिनेच गेली आहे : ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’. पुरुषाला हिणवायचं तर त्याला बाई म्हणायचं! एका शब्दात दोघांचा अपमान होतो, आणि आपण तो किती सहज बोलून जातो.

पाखंडाशी खरं नातं आहे ते ‘बगर’ या शब्दाचं. लॅटिनमध्ये बुल्गारुस म्हणजे बल्गेरियाचा माणूस. तिथला बोगोमिल पंथ चर्चने पाखंडी ठरवला. पाखंडी म्हणजे अनैसर्गिक संभोग करणारे, असा आळ त्यांच्यावर आला आणि फ्रेंचमधून हा शब्द शिवी होऊन इंग्रजीत उतरला. आज इंग्लंडात ‘पुअर बगर’ म्हणजे ‘बिचारा’.

तुमच्या पात्राच्या तोंडी ‘बायल्या’च घाला. ‘समलिंगी’ लिहिलंत तर शिवीचा विखार जाईल, आणि माणसं स्वतःसाठी वापरतात त्या साध्या शब्दाला शिवीचा डाग लागेल. कादंबरीत कुणी इंग्रज ‘फॅग’ पेटवत असेल, तर ती मात्र सिगारेट.