चिंचेच्या गाठीचा वाडगा: आधी कातावा की आधी वाळवावा?

आपण विचारले आहे की, पावसात कोसळलेल्या चिंचेच्या खोडावरची मोठी गाठ (खोडावर वाढलेला फुगवटा, इंग्रजीत बर्ल) मिळाली असून ती पूर्ण वाळू द्यावी की ओली असतानाच लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर) चढवावी. मी पुण्यात हौसेने लाकूड कातण्याचे काम करतो आणि माझे स्पष्ट मत असे की, अखंड गाठ वाळण्याची वाट पाहत बसू नये. जाड लाकूड बाहेरून लवकर व आतून फार सावकाश वाळते आणि त्या ओढाताणीत तडकते. म्हणून ओलेपणीच वाडग्याचा ढोबळ आकार काढून भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण एक दशांश, म्हणजे २५ सेंमी व्यासाला अडीच सेंमी ठेवावी. ती काठापासून बुडापर्यंत सारखी असणे नेमक्या मापापेक्षाही महत्त्वाचे आहे, कारण जाड राहिलेले बूड हमखास तडकते.

साध्या लाकडाचा वाडगा वाळताना लंबगोल होतो. गाठीत मात्र असंख्य सुप्त कळ्यांभोवती तंतू वेडेवाकडे गुंतलेले असल्याने आकसण्याला ठरावीक दिशा नसते आणि काठ जागोजागी वरखाली होतो. याच कारणाने गाऊजची (कातायच्या पन्हळी पात्याच्या हत्याराची) धार जराही बोथट असेल, तर नक्षीतले ‘डोळे’, म्हणजे त्या कळ्यांचे गोल ठिपके, मुळासकट उपटून निघतात आणि राहिलेले खड्डे सँडपेपरने घासून सहसा जात नाहीत. लांब, सलग ढलपी निघण्याची अपेक्षाही ठेवू नये. उत्तम धारेखालीसुद्धा गाठीचे तुटक तुकडेच पडतात.

वाळवताना पुण्याचे ऋतुमान सांभाळावे लागते. एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत वाडग्याला बाहेरून मेण लावून तो कागदी पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून पिशवी उघडी बरी. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. मात्र ऑगस्टमध्ये वजन उतरायचे थांबले, तरी वाडगा वाळला असे समजू नये; दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते पुन्हा उतरू लागते.

वजन तेव्हाही स्थिर राहिले, की चकात (लेथच्या पकडीत) धरायचा भाग पुन्हा गोल करून भिंत सहा ते आठ मिलिमीटरपर्यंत उतरवावी. गाठीत अडकलेली साल सुटून अंगावर उडू शकते, त्यामुळे आधी तिच्यात पातळ सायनोॲक्रिलेट गोंद (सुपर ग्लू) मुरवावा, चेहऱ्यावर पूर्ण झाकणारे कवच घालावे आणि आकार समतोल होईपर्यंत लेथ अगदी कमी वेगावरच चालवावे.