आमच्या रक्तातच आहे हो, मॅडम

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने ‘आमच्या’ म्हटलं की पुढचं आपोआप कळतं. आजी घाबरट, आई घाबरट, मी तशीच आणि आता पोरगीही त्याच वाटेवर. हल्ली त्याला एक शेपूट जोडलं गेलंय: जीन टेस्ट करून घेऊ का?

टेस्टचं आधी सांगून टाकते. चिंतेच्या आजाराचं निदान करणारी जनुकीय चाचणी अस्तित्वात नाही. हा एका जनुकाचा खेळ नव्हेच, असंख्य जनुकांचा थोडाथोडा हातभार असतो. २००३ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एक जनुक आणि आयुष्यातले ताण यांची सांगड नैराश्याशी घालणारं संशोधन फार गाजलं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत ते टिकलं नाही. तेव्हा पैसे वाचवा.

वृषाली (नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत, लिहायला तिची हरकत नाही) हाच प्रश्न घेऊन आली होती. सिडकोत रो-हाउस, नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला, मुलगी नऊ वर्षांची. सकाळी शाळेच्या रिक्षाचा हॉर्न वाजला की मुलीच्या पोटात कळ यायची, कधी उलटी. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. वृषालीला स्वतःला रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड. “माझ्या आईलाही असंच व्हायचं. सासूबाई दुसऱ्याचं विचारतात, पण माझी हिंमत होत नाही. परत हेच जन्माला घालू का?”

सुरुवातीच्या भेटी घराण्याचा पाढा ऐकण्यात गेल्या. मग एका भेटीला मी मुलीलाही बोलावलं. ती कोपऱ्यात रंगवत बसली होती, वृषाली शाळेबद्दल तावातावाने सांगत होती. खाली कुणीतरी मोटरसायकल आणून स्टँडवर लावली. खट्ट. वृषाली वाक्याच्या मधेच थांबली. आणि मुलीच्या हातातला खडूही थांबला.

मी मुलीला विचारलं, “का गं थांबलीस?”

“आई थांबली ना.”

“आई का थांबली?”

“गाडी आली ना. पप्पांची गाडी आली की आई अशीच करते. मग मी तिच्याकडे बघते.”

“बघून काय कळतं?”

“घाबरायचं का ते.”

वृषाली गडबडीने म्हणाली, “अहो, हे तर कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत!” ते खरंच होतं. पुढच्या भेटीला ती एकटी आली आणि वडिलांची लूना बोलण्यात आली. वडील प्यायचे. संध्याकाळी लूनाचं स्टँड पहिल्या फटक्यात लागलं, तर रात्र बरी जायची. दोन-तीनदा घसरलं, तर ही धाकट्या भावाला घेऊन मागच्या खोलीत जायची. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. वडील जाऊन किती वर्षं झाली, लूनाही गेली, पण कान अजून संध्याकाळच्या ड्यूटीवरच. आणि जिने ती लूना ऐकली नाही, आजोबांना पाहिलंही नाही, ती मुलगी आईचा चेहरा वाचून तीच ड्यूटी करत होती.

मी या कामात पडले तेव्हापासून माझा कल घराकडे बघण्याचा आहे, पेशंटकडे सुटं बघण्याचा नाही. अशा एखाद्या ‘खट्ट’नंतर तो पक्का होतो, हे कबूल करते.

मग यात रक्ताचा वाटा नाहीच का? आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून चिंतेच्या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के येतो. पण हा आकडा माणसा-माणसांतल्या फरकाबद्दल आहे. ‘तुमच्या मुलीला होण्याची शक्यता ४० टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. जीन आणि बालपण एकमेकांत कसे गुंततात, ते मी वृषालीला नाशिकच्याच भाषेत सांगितलं. गंगापूर धरण जुलैतच भरत आलं असेल, तर मध्यम पावसातही विसर्ग करावा लागतो आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं. धरण निम्मं असेल, तर तोच पाऊस पोटात मावतो. काही मुलं जन्मतःच भरत आलेली असतात, म्हणून पूर यायलाच हवा असं नाही.

आणि बालपणीचा ताण शरीरात नोंद सोडतो. एफकेबीपी५ नावाचं एक जनुक ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणाऱ्या यंत्रणेत काम करतं. म्युनिकच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की या जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्या आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या लोकांत त्याच्यावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. नुसता तो प्रकार असून भागत नाही, तसं बालपणही वाट्याला यावं लागतं.

वृषालीला सगळ्यात जास्त पटला तो २०१५ चा एक अभ्यास, स्वीडनमधल्या जुळ्या पालकांच्या कुटुंबांचा. एकसारख्या जुळ्या बहिणींचे जीन सारखेच, म्हणजे जनुकांच्या हिशेबात मावशी आईइतकीच जवळची. सगळं रक्तातून येत असतं, तर मावशीची चिंता आणि भाचीची चिंता यांचाही तसाच मेळ दिसला असता. तो दिसला नाही. आईवडिलांकडून मुलांकडे जाणारी चिंता बरीचशी सहवासातून जात होती.

हे ऐकून ती रडायलाच लागली. “म्हणजे माझ्यामुळेच झालं.”

हे वळण मी जवळजवळ प्रत्येक घरात बघते. ‘रक्तात आहे’ म्हणणारी बाई दहा मिनिटांत ‘माझंच चुकलं’वर येते. मला तर ही एकाच चिंतेची दोन तोंडं वाटतात. दोन्हीकडे उद्या संध्याकाळी चार वाजता नवऱ्याची गाडी आली की काय करायचं, हा प्रश्न बाजूलाच राहतो. मी तिला एवढंच म्हटलं, “सहा वर्षांच्या मुलीने कान टवकारले म्हणून भाऊ वाचला. ती हुशारी होती. आता तिला ड्यूटीवरून सोडायचंय.”

मग आम्ही चारच्या वेळेला हात घातला. नवऱ्याने गेटबाहेरूनच मुलीला हाक मारत आत यायचं, म्हणजे आवाजाला लगेच माणूस जोडला जातो. दचकल्यावर वृषालीने लपवायचं नाही, सरळ म्हणायचं, “मी दचकले, जुनी सवय आहे, पप्पा आलेत.” मुलांना आईची भीती कळतेच. कारण कळलं नाही, तर ती स्वतःचं कारण तयार करतात.

शाळेचं जास्त अवघड गेलं. “पोट दुखणार नाही ना?” या प्रश्नाला वृषाली रोज दहा वेळा “नाही गं” म्हणायची. ते एकावर आणलं, आणि तेही “दुखेल कदाचित, तरी तू जाशील” असं. पोट दुखलं की घरी ठेवणं बंद. आधी आईने वर्गापर्यंत सोडायचं, मग गेटपर्यंत, मग रिक्षा. यात मुली चिडतात, आज्या त्याहून जास्त चिडतात. वृषालीच्या आईने तर मलाच फोन करून सुनावलं. भीती टाळू दिली की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी ती वाढते. या बाबतीत मी आज्यांशी तडजोड करत नाही.

वृषालीला मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. झोप आठवड्यानुआठवडे उडाली, मूल शाळेला जाईनासं झालं, खाणं सुटलं, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नका. जगणं नको वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. गोळी घेणं म्हणजे हरणं नव्हे. रात्री-अपरात्री कुणीच सापडत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मुलगी आता रिक्षाने जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोट धरून बसते, तेवढं चालतं. दुसऱ्या मुलाचं वृषालीने अजून ठरवलेलं नाही. पण मागच्या वेळी आली, तेव्हा घराण्याचं नाव नव्हतं. नवऱ्याची नाइट शिफ्ट, शाळेची फी आणि सांभाळायला आई यायला तयार होईल का, एवढंच बोलत होती.